पंडितजींची मुले

दिवाळीत पहिला फटाका वाजला की घरातले वडील माणूस ओरडते, "अरे, डोळे सांभाळा!" पोरे ऐकतात न ऐकतात. आपल्या संगीताच्या इतिहासातले एक मोठे पान मात्र अशाच न सांभाळल्या गेलेल्या डोळ्यांनी उलटले आहे. १८७२ साली कुरुंदवाडला एका कीर्तनकाराच्या घरी जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुसकरांच्या डोळ्यांना लहानपणी दत्तजयंतीच्या दारूकामात इजा झाली. दृष्टी अधू झाली, शाळा सुटली. आता या पोराचे करायचे काय, हा प्रश्न घरच्यांना पडला. गळा बरा होता, म्हणून त्याला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला धाडले.

हा इतिहास मी वर्गात अनेकदा सांगितला होता. पण तो मला खरा उमगला दौंडच्या फलाटावर.

आमच्या शिरूरला घोडनदी आहे, बाजारपेठ आहे, पण रेल्वे नाही. रेल्वे हवी तर एस.टी.ने दौंड गाठायचे. घोडनदीचे पाणी पुढे भीमेला मिळते आणि आम्ही शिरूरकर भीमाकाठच्या दौंडात गाडीला मिळतो! एकदा शाळेची सात मुले घेऊन मी सोलापूरला समूहगीताच्या स्पर्धेला गेलो होतो. चार मुलगे, तीन मुली, एक पेटी, एक तबल्याची जोडी. बक्षीस काही मिळाले नाही. परतताना रात्री दौंडला उतरलो तेव्हा शेवटची एस.टी. निघून गेली होती. मुले हिरमुसली होती. त्यांचे मन रमावे म्हणून मी म्हटले, "पेटी काढा. इथेच म्हणू."

मुलांनी भूप आळवला. मनमाडच्या गाडीची वाट बघणारी माणसे सरकत सरकत जवळ आली. डोक्याखाली मुंडासे घेऊन झोपलेला एक हमाल उठून बसला. गाणे संपल्यावर तो म्हणाला, "पोरांनो, आणिक एकदा म्हणा की!" मुलांनी पुन्हा म्हटले, आणि खरे सांगतो, सोलापूरच्या मंचावर म्हटले त्याहून चांगले म्हटले. नंतर आमची तबलजी, सातवीतली मुलगी, मला म्हणाली, "सर, मी तीन परीक्षा दिल्या. पण परीक्षेत असं कुणी ऐकत नाही हो."

ती ज्या परीक्षांबद्दल बोलत होती त्या 'गांधर्व'च्या. शिरूर असो, दौंड असो, महाराष्ट्रातल्या गावोगावी मुले प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढत असतात. त्या परीक्षांचे मूळ पलुसकरांच्या विद्यालयात आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण ते विद्यालय नावारूपाला आले ते मुलांच्या जलशांनी, हे आपण विसरलो आहोत.

पलुसकर मिरजेत असतानाची एक गोष्ट सांगतात. गावातल्या एका समारंभाचे आमंत्रण त्यांना आले, त्यांच्या गुरूंना आले नाही. का, तर ते पडले गवई! ही सल घेऊन १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. गवयाला लोकांत मान हवा तर गाणे लोकांत गेले पाहिजे, हे त्यांनी मनाशी पक्के केले. तोवर चांगले गाणे ऐकायचे म्हणजे राजाचा दरबार, श्रीमंतांची बैठक किंवा देऊळ. पलुसकरांनी सौराष्ट्रात तिकीट लावून सर्वांसाठी जलसा केला. ज्याच्या खिशात चार पैसे, तो श्रोता. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण त्या काळी खानदानी गवयाने तिकिटावर गावे, हे पुष्कळांना नाक मुरडण्याजोगेच वाटले असेल.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. मराठी माणूस, परका प्रांत, डोळ्यांनी अधू आणि पाठीशी संस्थानिकाची कायमची थैली नाही. विद्यालय चालणार ते शुल्कावर, देणग्यांवर आणि जलशांवर. त्यांनी 'उपदेशक' वर्ग काढला. या वर्गातल्या मुलांना शिक्षण, राहणे आणि जेवणखाण फुकट, मात्र घरच्यांनी नऊ वर्षांचा करार लिहून द्यायचा. पुढे त्या मुलांनी गावोगावी जाऊन गाणे शिकवायचे. आठ-नऊ वर्षांचे पोर नऊ वर्षांसाठी दूर धाडायचे, आणि तेही गाणे शिकायला! आजच्या आईबापांनी क्षणभर डोळे मिटून याचा विचार करावा.

मिरजेचे विनायकराव पटवर्धन १९०७ साली लाहोरला गेले तेव्हा त्यांचे वय नऊ वर्षांचे होते. १९०८ साली मुंबईत विद्यालय निघाले, आणि खंबायतकडचे ओंकारनाथ ठाकूर, कोल्हापूरचे शंकरराव आणि नारायणराव हे व्यास बंधू, मिरजेचे बा. र. देवधर अशी मुले पंडितजींच्या छायेत आली. पुढे यांतला प्रत्येकजण मोठा झाला. पण त्या वेळी ती नुसती पोरे होती. पहाटे उठायचे, रियाज करायचा, आणि पंडितजी निघाले की बाडबिस्तरा घेऊन त्यांच्याबरोबर निघायचे.

या मुलांचे पथक हीच पंडितजींची खरी जाहिरात होती. जलशात पंडितजी गात, पण मुलेही गात आणि वाजवीत. एकट्याने गात, तसे वृंदानेही गात. राग असे, भजन असे, देशभक्तीचे गीत असे. पंडितजींची शिस्त कडक होती. गवई म्हणजे लहरी आणि व्यसनी, हा समज मोडायचा तर मुलांचे वागणे-बोलणे, कपडे, वेळ पाळणे, सारेच स्वच्छ हवे. समोर बसलेल्या गृहस्थाने ती मुले बघितली की त्याच्या मनातली भीती गळून पडे. गाणे शिकून मुलगा वाया जात नाही, याचा पुरावा मंचावर डोळ्यांपुढे बसलेला असे. काँग्रेसच्या अधिवेशनांत पंडितजी 'वंदे मातरम्' म्हणत, तेव्हा तर साऱ्या देशानेच गवयाला मानाच्या जागी पाहिले.

अशी पथके दुसरीकडेही झाली. व्हेनिसमध्ये विवाल्दी अनाथ मुलींकडून वाद्यवृंद वाजवून घेई, आणि त्यांना ऐकायला परदेशचे लोक येत. आपल्याकडे १९१८च्या साथीनंतर मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी पोरक्या मुलांना वाद्ये देऊन मैहर बँड उभा केला. पोटापाण्याची सोय आणि कलेचे शिक्षण तिथे एकाच पंगतीत बसले. पंडितजींचे काम याच जातीचे, फक्त मैहरला राजाचा आश्रय होता आणि पंडितजींना आश्रय होता तिकीट काढणाऱ्या लोकांचा.

हा आश्रय किती बेभरवशाचा, हेही इतिहासाने दाखवले. मुंबईला सँडहर्स्ट रोडवर कर्ज काढून विद्यालयाची स्वतःची इमारत उभी केली, ती १९१५ साली. कर्ज फिटेना. जलसे किती करणार आणि त्यातून व्याज किती भागणार? अखेर १९२४च्या सुमारास इमारत लिलावात गेली. पंडितजी नाशिकला रामनाम-आधार आश्रमात जाऊन राहिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचा अंत झाला. ज्या गावाने गुरूला आमंत्रण दिले नव्हते, त्याच गावी.

इथे गोष्ट संपली असती. पण इमारत गेली तरी मुले शिल्लक होती. त्याच वर्षी शिष्य अहमदाबादेत जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आमच्या मुलांच्या प्रमाणपत्रांवर नाव असते ते याच मंडळाचे. विनायकबुवांनी गंधर्व नाटक मंडळीतली दहा वर्षांची चाकरी सोडून ८ मे १९३२ रोजी पुण्यात विद्यालय काढले. पंडितजींना बारा मुले झाली, त्यांतला जगला तो एकटा दत्तात्रेय. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याला गाणे शिकवले ते विनायकबुवांनी आणि नारायणराव व्यासांनी. जी मुले पंडितजींनी आपली म्हणून वाढवली, त्यांनी पंडितजींचे मूल वाढवले! १९३५ साली, चौदा वर्षांचा असताना, हा मुलगा जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायला. जिथे बापाने पहिले विद्यालय काढले, त्याच पंजाबात. द. वि. पलुसकर अवघे चौतीस वर्षे जगले, १९५५ साली गेले. पण त्यांचे गाणे अजून घराघरात वाजते.

आज आपल्याजवळ परीक्षा आहे, पण श्रोता नाही. मूल अभ्यासक्रम पाठ करते, परीक्षकापुढे दहा मिनिटे गाते, प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावते आणि दहावी आली की पेटी माळ्यावर जाते. दोष मुलांचा नाही. त्यांचे गाणे कुणाला हवे आहे, हे त्यांना कधी कळतच नाही. पंडितजींच्या मुलांना ते रोज कळत होते, म्हणून ती नऊ वर्षे टिकली.

दौंडहून परतल्यावर आम्ही एक रिवाज सुरू केला. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी पसरतो आणि मुले गातात. येतात पंधरा-वीस माणसे. पहिल्या वेळी निम्मी तर मुलांचे आजी-आजोबाच होते. पण मुले शुक्रवारपासूनच घसा सांभाळू लागतात, आणि तबलजी बाईंनी अजून तबला सोडलेला नाही.

यंदा पाडव्याला किंवा भाऊबीजेला घर माणसांनी भरेल. तुमच्याकडे गाणे शिकणारे एखादे मूल असेल, तर फराळाची ताटे बाजूला सारून त्याला मधोमध बसवा. कितवी परीक्षा झाली, ते विचारू नका. गाणे ऐका आणि संपले की त्या हमालासारखे म्हणा, "आणिक एकदा म्हण की!"