४ जुलै २०२३ : डगआउटमध्ये महेश गवळी

बंगळूरच्या कांतिरवा स्टेडियमवर या दिवशी भारताने कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये ५-४ असे हरवून नवव्यांदा सॅफ फुटबॉल करंडक जिंकला. मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच मात्र मैदानाबाहेर होते. पाकिस्तानविरुद्ध थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूच्या हातातला चेंडू त्यांनी उडवला, लाल कार्ड मिळाले. पुढे साखळीत कुवेतविरुद्ध पुन्हा लाल कार्ड. त्यामुळे उपांत्य आणि अंतिम सामन्यात संघाची सूत्रे आली सहायक प्रशिक्षक, गोव्याचे महेश गवळी यांच्याकडे.

गवळी टाटा फुटबॉल अकादमीत घडलेले बचावपटू. चर्चिल ब्रदर्स, महिंद्र युनायटेड, डेम्पो असा त्यांचा प्रवास. २००३मध्ये जाकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालच्या संघातही ते होते. गोल करणाऱ्यांचे फोटो छापून येतात, गोल वाचवणाऱ्यांचे क्वचितच. सहायक प्रशिक्षकाचे तर त्याहून कमी!

अंतिम सामन्यात कुवेतने आघाडी घेतली, ३८व्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेने बरोबरी साधली. शूटआउट सडन डेथमध्ये गेले. नाओरेम महेशने चेंडू जाळ्यात धाडला आणि गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने कुवेतचा कर्णधार खालेद हाजिया याचा फटका झेपावून अडवला.