मांडीवरचं सीलचं पिल्लू

१७९६ साली इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये विल्यम ट्यूक यांनी मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ उघडलं. तिथल्या अंगणांत ससे, कोंबड्या असत. मुक्या जिवांवर माया करता करता रुग्णांचं मन निवळावं, ही कल्पना. जवळपास दोनशे वर्षांनी, १९९३ साली जपानचे ताकानोरी शिबाता यांनी असा मायेचा प्राणी यंत्रातून घडवायला घेतला. कुत्र्या-मांजराची नक्कल चटकन खटकते. म्हणून त्यांनी सहसा कुणी न हाताळलेलं सीलचं पिल्लू निवडलं. त्याचं नाव पारो. थोपटलं की ते डोळे मिटतं, आवाज काढतं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी त्याला कुशीत घेतात. ही फसवणूक का? ज्यांची सगळे काळजी घेतात, त्यांनाही कुणाची तरी काळजी घ्यावीशी वाटतेच. मात्र पारो मांडीवर ठेवून आपण उठून गेलो, तर ती फसवणूकच!