मधुमेहाचं रोजचं ताट: भाकरी किती, भात किती, उपवासाला काय?

'शुगर निघाली म्हणून भात बंद केला, आता भाकरीच खातो,' असं घरोघरी ऐकू येतं. भात कमी करणं चांगलंच. पण त्याच्या जागी तीन-तीन भाकऱ्या खाल्ल्या, तर साखर फारशी उतरत नाही. मधुमेहात काय खाल्लं याइतकंच किती, कशाबरोबर आणि केव्हा खाल्लं, हेही महत्त्वाचं असतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के आढळलं.

भाकरी की भात?
१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम, तर तेवढ्याच कच्च्या पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात. फरक फार मोठा नाही. ज्वारीची जमेची बाजू म्हणजे तंतुमय पदार्थ. ते ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर तांदळात ३ ग्रॅमपेक्षा कमी असतात. त्यामुळे साखर हळू चढते आणि पोट लवकर भरल्यासारखं वाटतं. गोव्याकडचा उकडा तांदूळही पॉलिशच्या तांदळापेक्षा बरा. मात्र मऊ शिजवलेली पेज लवकर पचते, त्यामुळे तीही मोजूनच घ्यावी.

ताट कसं वाढावं?
- अर्धं ताट: पालेभाज्या, फळभाज्या, काकडी-मुळ्याची कोशिंबीर.
- पाव ताट: डाळ, उसळ, झुणका, अंडं किंवा मासे.
- उरलेलं पाव ताट: भाकरी, पोळी किंवा भात. दोन्ही हवं असेल तर दोन्ही निम्मं-निम्मं.

बटाटा आणि रताळं भाजीत धरू नयेत, ते भाताच्या वाट्यात मोजावेत. आधी भाजी-उसळ आणि शेवटी भात, असं जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते.

नाश्ता आणि चहा
इंदूरकडे पोह्यांबरोबर जिलेबी असतेच. ती टाळावी आणि पोह्यांत मटार किंवा मोड आलेली मटकी घालून पोहे कमी करावेत. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातूनच जाते. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला तरी रक्तातली साखर वाढतेच.

उपवास करताना
साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याऐवजी थोडी वरी, शेंगदाण्याची आमटी, दही, ताक, काकडी घ्यावी.

खरा धोका उपाशी राहण्यात आहे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेऊन जेवण चुकवलं, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यावं आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने दवाखान्यात न्यावं. आषाढी असो वा नवरात्र, उपवासाआधी डॉक्टरांकडून औषधाचा डोस ठरवून घ्यावा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर महिलांनी आहार डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावा.