आठ आणे, एक कुत्रा आणि आपली तीन शहरं

रात्रीच्या शेवटच्या लोकलनं उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरला उतरून घरी चालत जाणाऱ्याला भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा समजावायला नको. पण त्यावरचे कायदे किती जुने आहेत, ते आज बघू.

मुंबईत १८१३ च्या नियमानुसार वर्षातल्या ठरावीक दिवसांत भटकी कुत्री मारायची मुभा होती. १८३२ मध्ये हे दिवस वाढवले. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. झालं! पैसे नगावर मिळणार म्हटल्यावर पकडणारे लोकांच्या घरातली कुत्रीही ओढून न्यायला लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मान, अंत्यविधीतही त्याचं स्थान. ६ जूनला पारशी जमावानं पोलिसांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, हिंदू आणि जैनही सामील झाले. सरकारला सैन्य बोलवावं लागलं. पुढे मारण्याऐवजी कुत्री शहराबाहेर सोडायचं ठरलं.

स्वतंत्र भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याखालच्या २००१ च्या नियमांनी पद्धत ठरवली: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, होतं तिथेच सोडा. २०२३ च्या नव्या नियमांतही जबाबदारी स्थानिक संस्थेचीच. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्लीतली कुत्री कायमची निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. अकरा दिवसांत आदेश बदलला: रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून बाकीची लस देऊन परत सोडा.

परत का सोडायचं? कारण जागा रिकामी झाली आणि कचरा तसाच राहिला, तर बाहेरची, लस न घेतलेली कुत्री तिथे येतात. साधारण सत्तर टक्के कुत्र्यांची नसबंदी झाली, तरच संख्या आटोक्यात येते.

आता आपली गोची बघा. उल्हासनगरला महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरला वेगवेगळ्या नगरपरिषदा. बजेट वेगळं, टेंडर वेगळं. कुत्र्याला मात्र हद्द कळत नाही. एका शहरानं काम केलं आणि शेजारच्यानं टाळलं, तर केलेलंही वाया.

१८३२ मध्ये नग मोजले, आजही ‘इतक्या नसबंद्या केल्या’ एवढंच ऐकवतात. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही. म्हणून नगरसेवक भेटले की दोनच प्रश्न विचारा: एकूण कुत्र्यांपैकी किती टक्के झाली? आणि शेजारच्या शहराशी बोलणं झालंय का?