रातांबे वाळवताना कुणाचा अंदाज धरायचा?

 ही गोष्ट पोफळीच्या आमच्या बचत गटाची.

मे महिन्यात आमच्याकडे बोलायला दोनच विषय असतात, रातांबे आणि आभाळ. रातांबा फोडायचा, बिया काढायच्या, साल मिठाच्या रसात भिजवायची, उन्हात घालायची, परत रसाचं पुट द्यायचं, परत उन्हात घालायची. असं चार-पाच वेळा केलं की आमसूल तयार होतं. म्हणजे आठवडाभर तरी कडक ऊन हवं. मधेच एक सर आली तर सोलं चिकट होतात, बुरशी धरते.

२०२५ साली आमचं तसंच झालं. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. कोकणात तर त्याच्या आधीपासूनच सरी कोसळत होत्या. आमची दुसऱ्या पुटाची सोलं खळ्यात पसरलेली. मोबाइलवर सूर्याचं चित्र होतं आणि पंचांगात रोहिणी अजून लागायची होती. दोन्हींवर विसंबलो आणि सोलं खताच्या खड्ड्यात ओतावी लागली. बैठकीत वादावादी झाली. एक म्हणे पंचांग खोटं, दुसरी म्हणे मोबाइल खोटा. शेवटी ठरवलं, भांडण्यापेक्षा हे अंदाज आले कुठून आणि कुणासाठी, ते आधी समजून घेऊ. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

पहिला मान पंचांगाचा. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७ किंवा ८ जूनला. आपल्या आज्या-पणज्यांनी भाताच्या पेरण्या याच हिशोबाने केल्या आणि तो हिशोब चुकीचा नव्हता. सूर्य दरवर्षी त्याच सुमारास त्या नक्षत्रात येतो आणि पाऊसही साधारण त्याच सुमारास येतो. पण वाहनाचं तसं नाही. बेडूक, घोडा, उंदीर ही वाहनं सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून, नवाने भागून काढतात. त्यात यंदाचे ढग कुणी बघत नाही. म्हणून चिपळूणला जे वाहन, तेच सोलापूरला. पंचांग पेरणीची तयारी कधी करायची ते सांगतं. उद्या खळ्यात सोलं घालू का, हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नव्हता.

दुसरा टप्पा सरकारी खात्याचा. १८६४ साली कोलकात्यावर मोठं चक्रीवादळ आलं, त्यानंतर १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. त्यातून १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड. हिमालयात बर्फ जास्त पडलं तर पुढचा पाऊस कमी होतो, असं त्यांना आढळलं आणि त्या आधारावर १८८६ पासून पावसाळ्याचा अंदाज नियमित निघू लागला. हा अंदाज सगळ्या देशाचा आणि सगळ्या हंगामाचा होता. दुष्काळाची चाहूल सरकारला लागावी म्हणून तो होता. आजही 'यंदा पाऊस सरासरीइतका' असं ऐकलं की आपण खूश होतो. पण सरासरीइतक्या पावसाच्या वर्षातही आपली सोलं भिजू शकतात.

तिसरा टप्पा आपल्या पुण्याचा. १९२८ मध्ये खात्याचं मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. म्हणून तर शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात. १९३२ मध्ये तिथे शेतीच्या हवामानाचा अभ्यास सुरू झाला आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीचं हवामानपत्रक रेडिओवरून ऐकू येऊ लागलं. म्हणजे ब्लॅनफोर्डच्या अंदाजानंतर जवळपास साठ वर्षांनी शेतकऱ्याची पाळी आली! याच खात्यात १९४८ साली अण्णा मणी नावाच्या बाई पुण्यात रुजू झाल्या. वारा, ऊन, पाऊस मोजायची उपकरणं आपल्याच देशात आणि एकसारखी बनावीत, यासाठी त्यांनी आयुष्य घालवलं. मोजमापच चुकलं तर अंदाज कुठून बरोबर येणार?

आता मोबाइलचं. त्यातले बरेच अंदाज संगणकाने आखलेल्या चौकटींवर चालतात. एकाच चौकटीत कुंभार्ली घाटाचा माथा आणि पायथा दोन्ही येऊ शकतात. पावसाळ्यात कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरचे आकडे आपण बातम्यांत ऐकतो. तो पडून गेलेला पाऊस, तोही घाटावरचा. तो आपल्या खळ्याचा अंदाज नव्हे.

मग आम्ही कुणाचं ऐकतो? तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. रातांबे फोडण्याआधी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हवामान सल्ला पत्रक बघतो. ते मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं, मराठीत असतं, आपल्या जिल्ह्याचं आणि पुढच्या पाच दिवसांचं असतं. रोज सकाळी मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्ह्याचा इशारा बघतो. आणि सोलं खळ्यात असताना दुपारी पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या निरोपावर तारीख आणि खात्याचं नाव नसेल तर तो आम्ही पुढे पाठवत नाही.

यात एक गोष्ट फार उशिरा कळली, ती तुम्ही आजच गाठीला बांधा. हिरवा रंग म्हणजे कोरडं नव्हे. हिरवा म्हणजे इशारा देण्याजोगं काही नाही, एवढंच. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की जोरदार पाऊस. आपली सोलं दोन मिलिमीटरमध्येच जातात. म्हणून आम्ही रंगावर थांबत नाही, खालची ओळ वाचतो. 'तुरळक ठिकाणी हलका पाऊस' असं असेल तर तुरळक म्हणजे जिल्ह्यातल्या पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी. त्या पावात आपण असू शकतो, असं धरूनच चालायचं.

अंदाज ऐकून काही करायचंच नसेल, तर तो ऐकून उपयोग काय? पाच दिवसांत पाऊस दिसला तर आम्ही थोडेच रातांबे सोलांसाठी घेतो, बाकीच्यांचं आगळ करतो. आगळाला ऊन लागत नाही. कधी उगाच ताडपत्री घालतो आणि लख्ख ऊन पडतं. त्यात एक दिवस जातो. उलट झालं तर हंगाम जातो. दोन्ही चुका सारख्या नाहीत.

गटाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या बाजूला आम्ही दोन रकाने आखलेत. एकात कुणी काय सांगितलं, दुसऱ्यात खळ्यात काय झालं. पंचांगालाही एक ओळ दिली आहे, नाहीतर आमच्या मोठ्या बाया रागावतील. दोन-तीन मे महिने असं लिहिलं, की आपल्या गावापुरतं कुणाचं ऐकायचं ते वहीच सांगेल. तुमच्याही गटाने अशी वही धरावी. पावसाळा सरला की वह्या घेऊन एकत्र बसू.