धुरीपासून उजेडापर्यंत : दाताच्या लेझरची कुळकथा

'दाताला कीड लागली' असं आपण अजूनही म्हणतो. दवाखान्यात डॉक्टरही म्हणतात, कारण पेशंटला तेच कळतं. खरं तर दातात कीड वगैरे काही नसते. तोंडातले जिवाणू साखर खातात, आम्ल सोडतात आणि त्या आम्लाने दात हळूहळू विरघळतो. किडा गेला तरी शब्द राहिला, आणि या शब्दापोटी एके काळी एक अख्खा विधी उभा होता.

राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्यातलं, रेणुकामातेच्या देवळामुळे पंचक्रोशीत ओळखलं जाणारं गाव. अशा गावातल्या एखाद्या म्हातारीला दाढदुखीचं औषध विचारा. आधी लवंग सांगेल, मग मिठाच्या कोमट पाण्याची चूळ, आणि मग जरा आवाज खाली आणून 'रिंगणीची धुरी'. खापरात निखारे घ्यायचे. भुईरिंगणीचं वाळलेलं बी तेलाच्या हाताने चोळून त्यावर टाकायचं. वरून नळी लावून धूर दुखऱ्या दाढेवर घ्यायचा. लाळेचा पूर वाहायचा, डोळ्यांतून पाणी यायचं आणि खाली ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यात पांढरे बारीक कण तरंगताना दिसायचे. 'निघाली बघ कीड!' भोवतालचे सुटकेचा श्वास टाकायचे.

ही समजूत एकट्या मराठवाड्याची नव्हे. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांनी हाच खेळ चालायचा. उष्णतेने बी तडकतं, आतला पांढरा कोंब बाहेर पडतो आणि तो हुबेहूब अळीसारखा दिसतो. म्हणजे कीड दाढेतून येतच नव्हती, ती बियांतूनच यायची. दाताच्या किड्याची कल्पना तर बॅबिलोनच्या मातीच्या विटांवरही कोरलेली आहे. १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशार याने दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि आपल्याला असा किडा कधी दिसला नाही, हे त्यात नोंदवलं.

किडा गेला आणि त्याच्या जागी सुई आली. कुजलेला भाग कोरून काढल्याशिवाय दात वाचत नाही, हे कळल्यावर कोरण्याची यंत्रं निघाली. १८७१ साली अमेरिकेत जेम्स मॉरिसनने शिलाई मशिनसारखं पायाने चालवायचं यंत्र काढलं. १९५७ साली जॉन बोर्डेनचा हवेवर चालणारा एअरोटर आला, मिनिटाला तीन लाखांच्या घरात फेरे घेणारा. काम झटपट होऊ लागलं, पण त्याची ती किंचाळी लोकांच्या कानात कायमची बसली. 'दाढेचं सोसतो डॉक्टर, पण ते मशिन नको,' हे वाक्य त्या आवाजातून जन्माला आलं. न टेकता, न थरथरता, न किंचाळता दात कोरणारं काही मिळेल का, या शोधातच दाताच्या लेझरचं बीज आहे.

लेझरचं मूळ कुळ मात्र दाताशी नाही, कागदावरच्या गणिताशी लागतं. उद्दीपित उत्सर्जनाची कल्पना आइन्स्टाइनने १९१७ मध्ये मांडली : आधीच ऊर्जेने भारलेल्या अणूला योग्य प्रकाशकणाचा धक्का लागला, तर तो अगदी तसाच दुसरा कण सोडतो. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि सगळे एका रंगाचे, एका चालीचे, एका दिशेचे. वारीत लोक वाटेल तसे न चालता टाळाच्या ठेक्यावर एकसारखी पावलं टाकतात, तसं काहीसं. हे यंत्रात उतरायला चार दशकं लागली. १९५७ च्या नोव्हेंबरात गॉर्डन गूल्ड या विद्यार्थ्याने आपल्या वहीत या यंत्राला 'लेझर' हे नाव लिहिलं आणि पुरावा हवा म्हणून वहीवर शिक्का घेतला तो गोळ्या-चॉकलेटचं दुकान चालवणाऱ्या एका नोटरीचा. त्या वहीवरून पुढे पेटंटची भांडणं तीसेक वर्षं चालली. प्रत्यक्ष लेझर पेटला १६ मे १९६० रोजी, कॅलिफोर्नियात. थिओडोर मेमनने कृत्रिम माणकाच्या बोटभर कांडीभोवती झगझगीत दिव्याची गुंडाळी बसवली आणि लाल प्रकाशाची धार काढली.

ही धार दातावर पडायला वेळ लागला नाही. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात राल्फ स्टर्न आणि रेइडार सोग्नेस यांनी काढलेल्या दातांवर माणिक लेझर मारून पाहिला. दाताचं कठीण आवरण वितळून काचेसारखं झालं, खड्डे पडले. पुढच्या वर्षी त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी जिवंत माणसाच्या दातावर प्रयोग केला. माणूस घरचाच होता : त्यांचे दंतवैद्य बंधू बर्नार्ड. त्यांना दुखलं नाही, आवरणावर वरवरचा डाग पडला. तरीही माणिक लेझर दंतवैद्यकात टिकला नाही. दाताच्या पोटात मगज असतो, त्यात नसा आणि रक्तवाहिन्या. त्या मगजाचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसनेही वाढलं तर काही मगज मरतात, हे १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं. माणिक लेझर दात कोरायचा कमी आणि भाजायचा जास्त.

याच सुमारास कुळाची एक फांदी महाराष्ट्रातून फुटते. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि तिथून न्यू जर्सीच्या बेल प्रयोगशाळेत. १९६४ मध्ये, वयाच्या पंचविशी-सव्विशीत, त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेझर काढला. सोड्याच्या बाटलीत फसफसणारा हाच वायू. पहिली धार अगदी क्षीण होती. वायूत नायट्रोजन आणि हेलियम मिसळले तशी ताकद झपाट्याने वाढत गेली, इतकी की कारखान्यात पोलाद कापायला हा लेझर वापरात आला. पटेल यांना १९९६ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. स्टर्न आणि सोग्नेस यांनी जिथे दातांवर पहिले प्रयोग केले, त्याच विद्यापीठात ते पुढे संशोधनाचे उपकुलगुरू झाले.

डॉक्टरांना हा लेझर आवडला त्याचं कारण साधं आहे. त्याचा प्रकाश १०,६०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, डोळ्यांना न दिसणारा, आणि पाण्यात चटकन शोषला जाणारा. हिरडी, गाल, जीभ यांत पाणीच पाणी. धार पडली की वरच्या थरातलं पाणी उकळून वाफ होते, पेशी फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्या जागच्या जागी बंद होतात. कापणं आणि रक्त थांबवणं एका दमात. सत्तरच्या दशकात बॉस्टनच्या शल्यविशारदांनी स्वरयंत्रावर तो वापरला आणि तिथून तो तोंडात उतरला.

एवढं कळलं की दाताच्या लेझरचं मर्म हाती येतं. 'लेझर' हे एका यंत्राचं नाव नाही, ते आडनाव आहे. घरात भावंडं पुष्कळ, स्वभाव निरनिराळे. कुठला प्रकाश कशात शोषला जातो, यावर त्याचं काम ठरतं आणि त्याचा धोकाही. ८१० ते ९८० नॅनोमीटरचा डायोड लेझर रक्तातल्या आणि कातडीतल्या रंगद्रव्याकडे ओढला जातो, म्हणून तो हिरडीसाठी. दात त्याने कोरता येत नाही. १,०६४ चा एनडी-याग १९९० मध्ये अमेरिकेत हिरडीच्या कामासाठी मंजूर झाला. दंतवैद्य टेरी मायर्स यांनी नेत्रतज्ज्ञ भावाच्या साथीने तो दवाखान्यात आणला. म्हणजे डोळ्यांचं यंत्र दातांकडे आलं. खुद्द दातासाठी वाट सापडली जर्मनीतल्या उल्मला. केलर आणि हिब्स्ट यांनी १९८९ मध्ये २,९४० नॅनोमीटरचा अर्बियम लेझर वापरला. पाणी सर्वांत जास्त शोषून घेतं ती लांबी याच्याच आसपासची. दाताच्या आवरणातही थोडं पाणी असतं, कुजलेल्या भागात जास्त. ते पाणी क्षणात फुटतं आणि फुटताना दाताचा कण उडवतं. आवाज येतो तो लाह्या फुटल्यासारखा, आणि सोबतचा पाण्याचा फवारा दात थंड ठेवतो. १९९७ मध्ये अमेरिकेने दात कोरण्यासाठी अर्बियमला मान्यता दिली. मेमनच्या माणकापासून इथवर यायला सदतीस वर्षं गेली.

आता खुर्चीपाशी या. हिरडीवर काम आहे. डॉक्टर आधी तुमच्या डोळ्यांवर रंगीत चष्मा चढवतात, मग स्वतःच्या, मग मदतनिसाच्या. दारावर पाटी लागते. तोंडात येतं केसासारख्या तंतूचं पेन, त्याच्या टोकाला लाल ठिपका. तो ठिपका लेझरचं काम करत नाही, तो फक्त नेम दाखवतो. खरी धार अदृश्य असते. डॉक्टर पायाखालचं बटण दाबतात, बारीक 'टीं' ऐकू येतं, केस जळाल्यासारखा वास येतो. धूर निघतो आणि शेजारची नळी तो ओढून घेते. खापरातली धुरी तोंडात घ्यायची असायची, हा धूर मात्र कुणीच घ्यायचा नसतो. जळालेल्या पेशींचे कण आणि जंतू त्यात असू शकतात. म्हणून नळी जवळ धरायची आणि मास्क चांगल्या प्रतीचा वापरायचा.

लेझर म्हणजे एक्स-रे, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती खोटी आहे. हा प्रकाश पेशींच्या गाभ्याला हात लावत नाही, तो तापवतो. पण तापवणं हाच त्याचा खरा धोका. शस्त्रक्रियेचे दंतलेझर चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या धोकावर्गात मोडतात. थेट किंवा चकचकीत आरशावरून परतलेली धार डोळ्यात गेली तर इजा कायमची. चष्माही त्याच लांबीचा हवा. एका लेझरचा चष्मा दुसऱ्याला चालेलच असं नाही. स्पिरिटचा बोळा जवळ असला तर पेट घेतो. एका जागी धार रेंगाळली तर खालचं हाड भाजतं. शेवटी सुरक्षितता यंत्राइतकीच ते धरणाऱ्या हातात असते.

उपयोग खरे आहेत : वाढलेली हिरडी छाटणं, जिभेचा किंवा ओठाचा आखूड पडदा सोडवणं, लहान किडी कोरणं. मंद लेझरची गोष्ट वेगळी. १९६७ मध्ये बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर यांनी मुंडलेल्या उंदरांवर क्षीण धार सोडली, तर केस लवकर उगवले. त्याच वाटेने आज कॅन्सरच्या उपचारात तोंड सोलून निघू नये म्हणून मंद प्रकाश दिला जातो. मर्यादाही खऱ्या आहेत. दातात भरलेली जुनी चांदी लेझरने काढायची नसते. कॅपसाठी दात घडवायला फिरती सुईच लागते. रूट कॅनलमध्ये आणि हिरडीच्या रोगात तो जोडीदार आहे, मालक नाही. 'दुखणार नाही' ही जाहिरात पुष्कळदा खरी ठरते, दर वेळी नाही.

आमच्या भागात याचं एक वेगळंच गिऱ्हाईक आहे. सुपारी आणि गुटख्याने ज्याचं तोंड आखडलं, दोन बोटंही आत जात नाहीत, असा तरुण गंगाखेड, परभणी, लातूर, नांदेडचे दवाखाने पालथे घालतो आणि विचारतो, 'लेझरने तोंड उघडंल का?' लेझरने गालातले ताठ पट्टे कापता येतात आणि रक्त कमी जातं. पण पुढचे महिने रोज तोंड ताणण्याचा व्यायाम केला नाही, तर ते पुन्हा आखडतं. आणि पुडी सुटली नाही, तर कापणं वाया जातं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुडी तरी मिळतेच.

म्हणून दवाखान्यात तीन गोष्टी विचारा : हा लेझर कोणता आणि माझ्या दुखण्याला तोच का, माझ्यासाठी चष्मा आहे का, आणि कापलेला तुकडा तपासायला जाणार का. तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा जखम पंधरा दिवसांत भरली नाही, तर आधी तपासून घ्या, जाळून टाकू नका. धुरीच्या काळी कीड पाण्यात तरंगताना दिसली की लोक निश्चिंत घरी जायचे, आणि दाढ आतून कुजत राहायची.