पूर्वजांचा शोध

ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली पॅरिशच्या धर्मगुरूंस आज्ञा केली की, विवाहाची वही ठेवावी व तीत वधूवरांसह साक्षीदारांची नावे लिहावीत. बाप्तिस्म्याच्या वहीत धर्ममातापित्यांची नावे आली. १९९९ साली सुरू झालेल्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आज जगातील असंख्य जुन्या वह्यांची पाने घरबसल्या चाळता येतात.

परंतु गोव्याकडील पूर्वज शोधणाऱ्याने केवळ आडनावावर विसंबू नये. सोळाव्या शतकात बाप्तिस्मा घेताना पुष्कळांनी धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव धारण केले. त्यामुळे सर्वच डिसोझा एकमेकांचे भाऊबंद नव्हेत. यंत्राला केवळ अक्षरे कळतात. म्हणून प्रथम गाव व चर्च निश्चित करावे, मग साक्षीदार व धर्ममातापिता पाहावेत. त्यांत पुष्कळदा मामा-काका भेटतात. आणि गावाचे नाव? ते घरातील आजीला विचारावे, ती आहे तोवरच.